पांढरी आणि काळी

रोमच्या उत्तरेला, व्हितेर्बो जिल्ह्यात, तिकीट काढून आत जावं लागतं असं एक गाव आहे. चिविता दि बान्योरेज्जो. हा किल्ला नाही की संग्रहालय नाही, साधं गाव आहे: चौक, चर्च, दगडी जिने, दारांत फुलांच्या कुंड्या. खाली ठिसूळ चिकणमाती, तिच्यावर तूफा नावाच्या ज्वालामुखीजन्य दगडाचा थर आणि त्या थरावर वस्ती. पावसानं खालची माती धुपते, वरच्या दगडाच्या कडा तुटून दरीत जातात आणि गाव पिढ्यान् पिढ्या आखूड होत राहतं. १६९५ च्या भूकंपानंतर कारभार आणि बहुतेक माणसं शेजारच्या बान्योरेज्जोला गेली. आता चिवितात जायला १९६५ साली बांधलेला एक उंच, लांब पादचारी पूल आहे. २०१३ पासून त्या पुलावर पाऊल टाकण्याआधी पैसे मोजावे लागतात. सुरुवातीला दीड युरो होते, पुढे पाच झाले. बारमाही राहणारी माणसं जेमतेम डझनभर. करोनापूर्वी वर्षाला येणारे पाहुणे आठ लाखांच्या घरात. याच मातीत जन्मलेला लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यानं चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं होतं. तेच शब्द आज जाहिरातीत वापरतात, आणि तिकिटाच्या उत्पन्नावर पालिकेनं रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले आहेत.

जमाखर्चाच्या वहीत पाहिलं तर चिविता जगलं. मग ते वाचताना काहीतरी खुपतं ते काय?

ते सांगायला मला आपले दोन जुने शब्द उपयोगी पडतात. आपल्या जुन्या गावकारभारात गाव म्हणजे पांढरी आणि काळी. घरं जिथे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, चुलीची राख आणि भिंतींची माती जिथे साठत गेली ती पांढरी. तिच्याभोवतीची पिकाची जमीन ती काळी. पुढे सरकारी भाषेत गावठाण आणि शिवार आले, पण जोडी तीच. या दोन्हींचं मिळून गाव होतं; एकीचं नाही. इटलीतल्या ओस पडलेल्या डोंगरमाथ्यांवरच्या गावांना पुन्हा जिवंत करण्याचे जे प्रयोग गेल्या चाळीसेक वर्षांत झाले, त्यांबद्दल वाचताना मी प्रत्येक वेळी नकळत हा हिशेब मांडतो: यांनी पांढरी विकत घेतली, काळीचं काय केलं?

मुळात ही माणसं डोंगरावर चढली का, इथून सुरुवात करायला हवी. पर्यटनपत्रकं सांगतात: शत्रूच्या भीतीनं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दहाव्या ते बाराव्या शतकात मध्य इटलीत विखुरलेल्या शेतकऱ्यांना तटबंदीच्या आत, माथ्यावर गोळा करण्याची एक मोठी लाट आली. इतिहासकार तिला ‘इन्कास्तेल्लामेंतो’ म्हणतात. प्येर तुबेर या फ्रेंच इतिहासकारानं लात्सिओ प्रांताच्या कागदपत्रांवरून १९७३ साली तिचं जे चित्र उभं केलं, त्यात भीतीइतकाच जमीनदारांचा हिशेब दिसतो. माणसं एका जागी असली की खंड वसूल करायला, वेठीला धरायला, नव्या जमिनी फोडायला सोपं. त्यात सखल भागात हिवताप. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन: माला आरिआ, वाईट हवा. हवा वाईट नसून डास वाईट, हे रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये आपल्या दख्खनच्या पठारावर, सिकंदराबादेत दाखवायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यानं इटलीत ॲनोफिलिसवर बोट ठेवलं. पण कारण कळण्याआधी शेकडो वर्षं उपाय ठाऊक होता: रात्र वर काढायची. शेत खाली, बिछाना वर. पहाटे गाढव घेऊन उतरायचं, संध्याकाळी चढायचं, आणि अनेक गावांत पाणीही डोक्यावरून वर न्यायचं.

ही कारणं एकेक करून संपली. दरोडेखोर संपले, सरंजामदार संपले. दलदली उपसल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली आणि १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इटली हिवतापमुक्त झाल्याचं जाहीर केलं. रेल्वे दरीतून गेली. वरच्या गावाचं नाव घेऊन खाली स्टेशनाभोवती दुसरी वस्ती उभी राहिली. नावापुढे ‘स्कालो’ किंवा किनाऱ्यावर असेल तर ‘मारीना’ एवढा फरक. कालाब्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ वितो तेती यांनी या जुळ्या गावांवर बरंच लिहिलं आहे; वरचं गाव खालच्याकडे बघत म्हातारं होतं. आणि बाकीचे गेले ते दूरच गेले. १८७६ पासूनच्या शंभर वर्षांत अडीच कोटींच्या आसपास इटालियन देशाबाहेर पडले. युद्धानंतर तुरीन-मिलानच्या कारखान्यांनी आणखी ओढले. म्हणजे ही गावं कुणा एका संकटानं मेली नाहीत. काही ठिकाणी भूकंप झाला, काही ठिकाणी क्राको या गावासारखी जमीन सरकली, पण बहुतेक ठिकाणी माणसांनी शहाणपणानं निर्णय घेतला. त्या रिकाम्या गल्ल्यांचे फोटो पाहून हळहळणाऱ्यांनी कधी वर पाणी वाहिलेलं नसतं. हे मी स्वतःलाही बजावतो, कारण फोटो फार सुंदर असतात.

अब्रुझो प्रांतातल्या सांतो स्तेफानो दि सेस्सानिओची गोष्ट या बाबतीत सगळ्यांत शिकवणारी आहे. साडेबाराशे मीटर उंचीवर, ग्रान सास्सो पर्वताच्या कुशीत, एकमेकांना टेकून उभी असलेली दगडी घरं. १५७९ मध्ये हे गाव आणि आसपासची जहागीर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं घेतली. बँका आणि चित्रकार यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या घराण्याला या खडकाळ माथ्यावर काय हवं होतं? लोकर. ‘कार्फान्या’ नावाची गडद, जाडीभरडी लोकर. तिच्यातून साधूंचे झगे आणि सैनिकांचे गणवेश होत. पण मेंढी हिवाळ्यात इथे जगत नाही. म्हणून शरद ऋतूत पुरुषमंडळी कळप घेऊन ‘त्रात्तुरो’ म्हणजे गवताच्या रुंद राजमार्गानं दक्षिणेला पूल्या प्रांतात उतरत. लाक्विला ते फोज्जा हा त्यांतला सर्वांत मोठा मार्ग २४४ किलोमीटरचा. वसंत संपता संपता परत. धनगरांचे वाडे कोकणच्या वाटेवर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आता इथे काळी कुठे होती ते पाहा. गावाभोवतीच्या दगडी वाफ्यांत थोडी मसूर पिकायची, अजूनही पिकते: बारीक, काळसर, उंचीवरच येणारी. पण गावाचं खरं शिवार अडीचशे किलोमीटर दूर, पूल्यातल्या तावोलिएरेच्या सपाट गवताळ रानात होतं. तिथे शतकानुशतकं नांगराला जवळजवळ बंदीच होती. गवत मेंढ्यांसाठी राखलेलं आणि चराईचा कर सरकारी खजिन्यात. इटली एक राष्ट्र झाल्यावर १८६५ च्या कायद्यानं ती बंधनं उठली. गवताखाली गव्हाची जमीन होती, ती नांगरली गेली. अडीचशे किलोमीटरवर नांगर चालला आणि डोंगरावरचं गाव उपाशी पडलं. एकेकाळी हजाराच्या वर लोक होते, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस शंभराच्या आसपास आले.

तेव्हाच दानिएले किलग्रेन नावाचा, अर्धा स्वीडिश अर्धा इटालियन, पैसेवाला तरुण मोटरसायकलवरून भटकत तिथे पोचला. त्यानं पडकी घरं एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली आणि त्यांचं ‘सेक्सतान्तिओ’ नावाचं हॉटेल केलं. हॉटेल म्हणजे एक इमारत नव्हे. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या गावभर, जेवण तिसरीकडे. या पद्धतीला इटलीत ‘आल्बेर्गो दिफ्फूझो’ म्हणतात, विखुरलेलं हॉटेल. कल्पना १९७६ च्या फ्रिउलीतल्या भूकंपानंतर दुरुस्त केलेल्या रिकाम्या घरांचं काय करायचं या प्रश्नातून निघाली आणि जांकार्लो दाल्लारा यांनी तिला नियमांची चौकट दिली. किलग्रेनचं वैशिष्ट्य हे की त्यानं गरिबी पुसली नाही. धुरानं काळवंडलेल्या भिंती तशाच ठेवल्या. लोकरीच्या गाद्या, हातमागावरची पांघरुणं, तळहाताएवढ्या लोखंडी किल्ल्या. पेस्काराच्या लोकजीवन संग्रहालयाच्या मदतीनं म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून सगळं जुळवलं. तापणारी जमीन आणि नळ मात्र आजचे. आणि गावाच्या हद्दीत नवं बांधकाम होऊ नये यासाठी त्यानं पालिकेशी समझोता केला. हा शेवटचा मुद्दा मला त्याच्या सगळ्या सौंदर्यदृष्टीपेक्षा मोलाचा वाटतो. शेजारच्या किती डोंगरांवर काँक्रीटचे मजले उभे राहिले ते पाहिलं की त्याचं श्रेय कळतं.

हॉटेल चाललं. पाठोपाठ खाणावळी, खोल्या, छोटी दुकानं आली. २००९ च्या लाक्विलाच्या भूकंपात मेदिचींच्या नावानं ओळखला जाणारा गोल बुरूज कोसळला, तोही पुन्हा बांधला. सगळी पांढरी उजळली. आणि मग २०२० मध्ये पालिकेनं काय जाहीर केलं? इथे राहायला या. चाळिशीच्या आतले असाल तर तीन वर्षं दरसाल आठ हजार युरोपर्यंत देऊ, धंदा काढलात तर वीस हजारांपर्यंत वेगळे, आणि घर नाममात्र भाड्यानं. तेव्हा कागदावर लोकसंख्या ११५ च्या आसपास होती आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक पासष्टी ओलांडलेले. जगातल्या सर्वांत देखण्या पुनरुज्जीवनांपैकी एक होऊन पंधरा वर्षं झाल्यावर गावाला माणसं पैसे देऊन बोलवावी लागत होती.

याचा अर्थ किलग्रेन हरला असा मी घेत नाही. तो नसता तर जाहिरात द्यायलाही कुणी उरलं नसतं. पण मेंढीच्या बदल्यात जे आलं ते पाहुणे, आणि पाहुणेही मेंढीसारखेच ऋतूप्रमाणे चढतात-उतरतात. फरक एवढाच की मेंढीमागे कुटुंब होतं.

आता थोडं शब्दांविषयी, कारण तिथे यावरून खरंखुरं भांडण झालं आहे. इटालियनमध्ये अशा गावाला ‘बोर्गो’ म्हणतात. शब्द मूळचा जर्मानिक, तटबंदीच्या जागेचा. पण गावातला माणूस आपल्या गावाला बोर्गो म्हणत नाही. तो म्हणतो ‘पाएझे’. या शब्दाचा अर्थ गाव आणि देश दोन्ही. मुंबईत जुने कामगार ‘मुलूख’ म्हणत त्याच्या जवळ जाणारा. बोर्गो म्हणजे बाहेरून दिसतं ते, पाएझे म्हणजे जिथून आपण आलो ते. २०२२ मध्ये फिलिप्पो बार्बेरा, दोमेनिको चेर्सोसिमो आणि आंतोनिओ दे रोस्सी यांनी संपादित केलेल्या पुस्तकाचं नावच ‘कोन्त्रो इ बोर्गी’, म्हणजे बोर्गोंच्या विरोधात. वेळही नेमकी होती. करोनानंतरच्या युरोपीय निधीतून इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयानं अशा गावांसाठी शंभर कोटी युरो काढले होते. त्यांतले ४२ कोटी फक्त एकवीस गावांना: दर प्रांताला एक, प्रत्येकी दोन कोटी.

पिएमाँते प्रांतातून निवड झाली एल्वाची. आल्प्समध्ये सोळाशे मीटरांच्या वर, लोकवस्ती शंभराच्या आतबाहेर. माणशी दोन लाख युरो! दूरच्या दरीत असूनही एल्वा एकेकाळी जगाशी जोडलेलं होतं, तेही केसांनी. इथले पुरुष हिवाळ्यात बायकांचे कापलेले केस गोळा करत गावोगाव फिरत. घरी ते निवडून, विंचरून पॅरिस-लंडनच्या टोप करणाऱ्यांना विकत. आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. हे वाचल्यावर मला आपल्याकडचे केसांवर भांडी देणारे फेरीवाले आठवले. डोंगरी गाव म्हणजे एकटं, स्वयंपूर्ण, काळाबाहेरचं, ही कल्पना शहरात जन्मलेली आहे. उपाशी डोंगर नेहमीच दूरच्या बाजारावर जगत आला आहे: कधी लोकर, कधी केस, कधी कोळसा, कधी परदेशातून येणारी मनिऑर्डर. म्हणून ‘पर्यटनानं गावाचं शुद्ध रूप बिघडतं’ या तक्रारीत मी सामील होणार नाही. बिघडतं ते प्रमाण. शंभर माणसांच्या गावात दोन कोटी युरो, ठरावीक मुदतीत, खर्च करायचे म्हटल्यावर त्यातून इमारती होतात; माणसं त्या वेगानं होत नाहीत.

एका युरोच्या घरांबद्दल फार बोलायला नको. त्या बातम्या आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवरही दर दिवाळीला फिरतात. २००८ मध्ये सिसिलीतल्या सालेमीत कलासमीक्षक-राजकारणी व्हित्तोरिओ स्गार्बी महापौर असताना ही कल्पना गाजली. पुढे अनेक गावांनी उचलली. घर एका युरोला, पण अनामत हजारो युरोंची, ठरलेल्या वर्षांत दुरुस्तीची अट, आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याकडे चांगला फ्लॅट यावा इतका. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. घर एका युरोला विकण्यापूर्वी पालिकेला त्याचे मालक शोधावे लागतात. वारसा हक्कानं एकेका घराचे दहा-वीस वाटेकरी, कुणी ब्वेनोस आयरिसला, कुणी मेलबर्नला, कुणी कुठे आहे तेच ठाऊक नाही. ज्यांनी कोकणातल्या वडिलोपार्जित घराचा सातबारा एकदा तरी मोठ्यानं वाचला आहे, त्यांना हसावं की रडावं ते कळेल.

घराचं हे असं, तर जमिनीचं विचारूच नका. काळी पडीक राहिली आणि जंगल आलं. इटलीतलं वनक्षेत्र दुसऱ्या महायुद्धानंतर दुपटीच्या जवळ गेलं आहे. देशाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आता वृक्षांखाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शंभरएक लांडगे उरले होते, ते २०२०-२१ च्या गणनेत ३३०० च्या आसपास भरले. निसर्गप्रेमी आनंदले, आणि लांडग्यांच्या बाबतीत मीही आनंदलो. पण डोंगरउतार हे माणसानं घडवलेलं यंत्र होतं. दगडी बांध, पाण्याचे पाट, चेस्टनटच्या बागा, छाटणी. ते दुरुस्त करणारा हात गेला की बांध फुगतो, फुटतो, आणि मुसळधार पावसात माती खालच्या, श्रीमंत दरीत जाते. वाळकं रान उन्हाळ्यात पेटतं. वर राहणारा माणूस खालच्यांसाठी बिनपगारी चौकीदारी करत होता, हे तो गेल्यावर कळलं.

म्हणून मला पिएमाँते प्रांताचा २०१६ चा एक रुक्ष कायदा कुठल्याही वास्तुप्रकल्पापेक्षा जास्त उत्साह देतो. त्यानं जमीनमालकांच्या संघांना मान्यता दिली. तुकडे मालकीनं ज्याचे त्याचेच राहतात, पण कसायला एकत्र येतात. मालक सापडत नसेल तरी त्याचा हक्क न बुडवता जमीन वापरात आणता येते. मग कुणी तरुण शेळ्या घेऊन आला तर त्याला चाळीस वारसांच्या सह्या मागत फिरावं लागत नाही. अशा कायद्याचे कुणी फोटो काढत नाही.

त्याच प्रांतातलं ओस्ताना. मोन्व्हीझो शिखरासमोर, पो नदीच्या उगमाच्या दरीत. शंभर वर्षांपूर्वी बाराशेवर लोक. १९८० च्या दशकात हिवाळ्यात राहणारे पाच. पाच! जाकोमो लोंबार्दो या महापौरानं आणि दे रोस्सी वगैरे वास्तुतज्ज्ञांनी तीसेक वर्षं हळूहळू काम केलं. दगड आणि लार्च लाकडाची शिस्त राखली, पण जुन्याची नक्कल केली नाही. नव्या इमारती नव्याच दिसतात. ‘लू पुर्तून’ हे सांस्कृतिक केंद्र बांधलं. आणि भाषेकडे लक्ष दिलं. इथली बोली ऑक्सितान. मातृभाषेत लिहिणाऱ्या जगभरच्या लेखकांना ओस्ताना दरवर्षी पुरस्कार देतं. छोट्या भाषांचा मेळा डोंगरावर भरतो. २०१६ मध्ये गावात एक मूल जन्मलं, अठ्ठावीस वर्षांनी पहिलं, आणि त्याची बातमी जगभर छापून आली. आज तिथे काही डझन माणसं राहतात. आकडा छोटा आहे हे खरं, पण शून्याच्या काठावरून परत फिरलेला आहे.

तस्कनीतल्या मोन्तिक्येल्लोचं उदाहरण वेगळ्याच जातीचं. अर्धेलीची शेती मोडल्यावर (१९६४ च्या कायद्यानं तसे नवे करार बंद झाले) गावकऱ्यांनी १९६७ पासून दर उन्हाळ्यात चौकात स्वतःचंच नाटक स्वतःच लिहून करायला सुरुवात केली. विषय काय, तर गाव. कोण गेलं, घर कुणी घेतलं, आता राहायचं कसं. हिवाळाभर बसून वाद घालायचा आणि उन्हाळ्यात तो रंगमंचावर आणायचा. नाटकानं पोट भरत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको, पण हिवाळ्यात एकत्र बसायला निमित्त मिळतं.

रिआचेबद्दल मात्र घाईनं लिहिता येणार नाही. कालाब्रियाच्या किनाऱ्यावर, १९७२ मध्ये जिथल्या समुद्रात दोन ग्रीक ब्राँझ पुतळे सापडले तेच रिआचे. वरचं जुनं गाव ओसाड, खालची मारीना चालती. १९९८ च्या उन्हाळ्यात एक नाव किनाऱ्याला लागली, तीत सुमारे दोनशे कुर्द निर्वासित होते. मिम्मो लुकानो नावाच्या शिक्षकाला जे सुचलं ते इतकं सरळ होतं की कुणाला आधी का सुचलं नाही याचंच नवल: आपल्याकडे रिकामी घरं आहेत, यांच्याकडे घर नाही. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांची घरं मागून घेतली, दुरुस्त केली. संस्था काढली. २००४ मध्ये लुकानो महापौर झाला. विणकाम, कुंभारकाम, काचकाम यांच्या कार्यशाळा निघाल्या. स्थानिक बाया आणि अफगाण, सोमाली, एरिट्रियन बाया एकत्र बसल्या. मुलं आली म्हणून शाळा टिकली. अरुंद गल्ल्यांत कचरा गाढवांवरून गोळा होऊ लागला. सरकारी अनुदान महिनोन्‌महिने उशिरा यायचं म्हणून गावात चालणाऱ्या नोटा छापल्या. त्यांवर चे गेव्हारा, मार्टिन ल्यूथर किंग आणि आपले गांधीजी. वाण्यानं गांधी घ्यायचे, अनुदान आलं की युरो घ्यायचे. दिग्दर्शक व्हिम व्हेंडर्सनं फिल्म केली; २०१६ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकानं लुकानोला जगातल्या पन्नास नेत्यांत बसवलं.

२०१८ मध्ये त्याला अटक झाली. अवैध स्थलांतराला मदत, निधीचा गैरवापर, गाढवांच्या कंत्राटाची अनियमितता. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयानं तेरा वर्षं दोन महिन्यांची शिक्षा सुनावली, सरकारी वकिलांनी मागितली होती त्याहून बरीच जास्त. २०२३ मध्ये अपिलात ती दीड वर्षावर आली, तीही स्थगित. बहुतेक आरोप टिकले नाहीत. दरम्यान निर्वासित हलवले गेले, कार्यशाळांना कुलपं लागली, घरांच्या खिडक्या पुन्हा मिटल्या. २०२४ मध्ये लुकानो युरोपीय संसदेवर आणि रिआचेच्या महापौरपदी एकाच वेळी निवडून आला.

लुकानोच्या वह्या नीट नव्हत्या असं मानायला मी तयार आहे. त्याचा प्रयोग मात्र इतरांहून मूळ प्रश्नाच्या जवळ गेला होता, कारण त्यानं घरांऐवजी माणसं मोजली. त्याचं दुबळेपणही तिथेच. त्याचीही काळी नव्हती. पोट चालत होतं ते माणशी रोजच्या सरकारी अनुदानावर, आणि ज्या दिवशी रोमनं हात आखडला त्या दिवशी ते थांबलं. सांतो स्तेफानोची काळी पूल्यात होती, रिआचेची रोममधल्या मंत्रालयात. अब्रुझोच्या डोंगरांत आज मेंढ्यांमागे फिरणारे बरेच जण मॅसेडोनिया-रोमानियाचे आहेत. त्यांच्यावर कुणी फिल्म काढली नाही, पण गावाच्या शिवारात रोज पाय ठेवणारे तेच.

इटलीतल्या सरकारी विचारात याची जाण अजिबात नव्हती असं नाही. २०१२ मध्ये फाब्रित्सिओ बार्का हे अर्थतज्ज्ञ मंत्री असताना अंतर्गत भागांसाठी जे राष्ट्रीय धोरण सुरू झालं, त्यानं गावं उंचीनं किंवा सौंदर्यानं मोजली नाहीत, मिनिटांनी मोजली. माध्यमिक शाळा, आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय आणि बऱ्यापैकी रेल्वे स्टेशन, या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथे पोचायला किती मिनिटं? वीसच्या वर गेलं की अंतर्गत, चाळीसच्या वर परिघावरचं, पंचाहत्तरच्या वर अतिपरिघावरचं. या मापानं देशाचा साठ टक्के भूभाग आणि एक पंचमांशाहून थोडी जास्त लोकसंख्या ‘आत’ निघाली. मला हे माप फार आवडतं. वाड्याची कमान कितव्या शतकातली हे ते विचारत नाही. रात्री दोन वाजता बाळ आडवं आलं तर काय, हे विचारतं.

धोरण कूर्मगतीनं चाललं, आणि २०२५ मधल्या नव्या आराखड्यात असं वाक्य निघालं की काही भागांत घसरण उलटण्याची आशाच नाही, तिथे म्हातारपणाला सन्मानानं सोबत करावी. मोठा गदारोळ झाला. अंतर्गत भागांतल्या धर्मप्रांतांच्या बिशपांनीही सरकारला खुलं पत्र लिहिलं. माझी पंचाईत अशी की त्या वाक्यात मला थोडं तथ्य दिसतं. सगळी गावं वाचणार नाहीत, वाचावीत अशी गरजही नाही. पाणी वर वाहणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं आनंदानं कुलूप लावलं असतं. खटकतं ते हे की ‘आशा नाही’ असं ठरवणारा बहुधा तोच असतो ज्यानं आधी बस बंद केली, मग शाळा, मग दवाखाना. वितो तेती ‘रेस्तान्त्सा’ असा शब्द वापरतात: मागे उरणं नव्हे, राहणं, ठरवून, जागेशी भांडत राहणं. मराठीत त्याला ठाण मांडणं म्हणता येईल. पण ठाण मांडायलाही खाली काही लागतं.

एमिलिआ-रोमान्या प्रांतात, रेज्जो एमिलिआ जिल्ह्याच्या आपेनाइन डोंगरात सुच्चीझो आहे. त्याला मध्ययुगीन बुरूज वगैरे काही नाही. जुनी वस्ती जमीन सरकल्यानं सोडावी लागली, आताचं गाव दिसायला साधंच. विसाव्या शतकाच्या शेवटाकडे इथलं वाण्याचं दुकान गेलं, मग बारही बंद झाला. तिथे बार म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळची कॉफी, वर्तमानपत्र, पत्ते, निरोप, सगळं तिथेच. बार गेला म्हणजे माणसाला माणूस भेटायची जागा गेली. तेव्हा काही गावकऱ्यांनी १९९१ मध्ये ‘व्हाल्ले देई काव्हालिएरी’ नावाची सहकारी संस्था काढली आणि बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत बार पुन्हा सुरू केला. मग दुकान. मग पाव भाजायला भट्टी. पाहुण्यांसाठी खोल्या आणि जेवण आलं, पण त्याच संस्थेनं मेंढ्याही घेतल्या, दुधाचं पेकोरीनो चीज करायला लागली, कुरणं पुन्हा चरती झाली. सहकाराची साखर आणि सहकाराचं राजकारण दोन्ही चाखलेल्या महाराष्ट्रातला वाचक इथे भुवया उंचावेल, उंचावू द्या. इथे काम करणारे सभासद बोटांवर मोजण्याइतके आणि तेच सगळी कामं करतात. कॉफी देणारा दुपारी मेंढ्यांकडे असतो.

शाळेच्या इमारतीत बार आहे म्हणजे गावात शाळा नाही. मुलं खाली दरीतल्या शाळेत जातात. तो रस्ता फेब्रुवारीत बर्फाचा असतो आणि इतक्या थोड्या मुलांसाठी तिथे गाडी चालवणं कुणा कंत्राटदाराला परवडायचं नाही. तेव्हा शाळेची गाडीही संस्थाच चालवते. मुलांना उतरवून परत येताना गाडी रिकामी नसते; गावातल्या म्हाताऱ्यांची औषधं घेऊन येते.